वीतभर सुळा

टिंग! ...आवाज एवढाच. किती वर्षं ऐकतोय, तुम्हाला सांगतो, कानात बसलाय. भट्टीत काच तडकली की टिंग, आणि लगेच स्वयंपाकघरातून आमच्या हिचा आवाज, "गेला का हो?" मी म्हणायचो, "गेला!" की ही म्हणणार, "घाई नडते तुम्हाला! थांबा, चहा टाकते."

ती गेली आणि घरात टिंग उरलं, नुसतं.

तसा मी काचेच्या बरण्या, पक्षी असलं काही करणारा माणूस. पण संग्रहालयाचे साहेब आले, "काका, ते जुन्या काळचं मोठं मांजर, लांब सुळ्यांचं, कधीच संपलं ते... त्याचे दोन सुळे काचेत करून द्या, दारातच मांडतो!" सून म्हणते, "बाबा, आधी स्वतःचे दात बसवून घ्या!" खरंय हो! तोंडात एक नाही, आणि हा बाबा वीतभर सुळे घडवतोय, तेही कुणी न पाहिलेल्या मांजराचे! पण पहिला काय झाला म्हणता... उजेडात धरला, भिंतीवर वाकडी सावली पडली, मीच दचकलो!

दुसरा मात्र तडकतो. दर वेळी! साहेब फोनवर ओरडतात, "काका, एका सुळ्याचं मांजर मांडू का मी?" मुलगा म्हणतो, "बाबा, भट्टी निवेपर्यंत झाकण उघडायचं नाही, एवढंच ना?" एवढंच! मला का ठाऊक नाही? उभा जन्म गेला या भट्टीपुढे! पण तुम्हीच सांगा, काच नीट निवली तर आवाज होत नाही... आणि आवाजच झाला नाही तर विचारणार कोण, "गेला का हो?"

आज उरलेली शेवटची काच भट्टीत होती. साहेबांची माणसं संध्याकाळी यायची होती. ठरवलं, हात लावायचा नाही. बसलो. शेजारची मांजर आली, उबेला टेकली. म्हटलं, "बाई, तुझ्याच लांबच्या आजोबांचा दात आहे हा!" तिनं जांभई दिली... तिचे सुळे बघा, तांदळाच्या दाण्याएवढे! मग दुपार अशी गप्प झाली, इतकी गप्प... हात गेलाच हो झाकणाकडे.

टिंग!

मी कान लावून बसलो. स्वयंपाकघरात नळ तेवढा ठिबकत होता. मग मांजरीला म्हटलं, "गेला."

आता ज्यांच्या घराण्याचा दात, त्यांनी तरी चौकशी करावी की नाही? तिनं अंग ताणलं, शेपटी वर केली, आणि एक अक्षर न बोलता निघून गेली.