बाहेरच्यांना कुठली स्कॉलरशिप

...न्हाई, मला एक सांगा, एकोणतीस पानं कोण वाचतं? खरं सांगा, छातीवर हात ठेवून सांगा. कॉलेजची माहितीपुस्तिका म्हणे. एकोणतीस पानं, बारीक अक्षर, सगळं इंग्रजी, आन् मधी मधी हिरवळीवर बसून हसणाऱ्या पोरापोरींचे फोटो. मी निलंग्याला स्टँडसमोर ऑनलाइन फॉर्मचं सेंटर चालवतो, सतरा वर्षं झाली. सातबारा, रेशन, जात पडताळणी, पोलीस भरती, काय म्हणाल ते. सतरा वर्षांत मी एक पुस्तिका पूर्ण वाचली न्हाई आन् कुणाचं काही अडलं न्हाई. म्हणजे अडलं असंल, पण मला सांगायला कोण आलं न्हाई. आता हे अडलं ते नेमकं शेजारच्याच घरात, भिंतीला भिंत, आन् तेबी शीलाचं.

शीला म्हणजे शिवप्पांची पोरगी. शिवप्पा एसटीत कंडक्टर हायत, निलंगा डेपोला. माणूस सरळ, बोलायला कमी, घरात कानडी. काही पटलं की ‘आय्तु’, म्हणजे ‘बरं, झालं’, म्हणायचं, न्हाई पटलं तरी ‘आय्तु’ म्हणायचं, आपण चेहऱ्यावरून वळखायचं. पोरगी लातूरला बीकॉमला, दर शनिवारी बापाच्याच गाडीनं घरी यायची. लई हुशार. आन् हुशार पोरांचं एक वाईट असतंय, तुम्हाला सांगतो, ती प्रश्न विचारतात.

डिसेंबरातली गोष्ट. रब्बीच्या पीकविम्याचा शेवटचा दिवस. सेंटरात तीस माणसं, दारात चाळीस, सर्व्हर आत्ता जातो का मग जातो करून राहिला, आन् त्या गर्दीत ही पोरगी पुढं आली. म्हणली, काका, हैदराबादच्या विद्यापीठात बिझनेस स्कूल हाय, एमबीएचा फॉर्म भरायचाय. विद्यापीठाचं नाव मी सांगत न्हाई, त्यांची यात काय चूक? बसवली खुर्चीवर. नाव, पत्ता, मार्क, फोटो अपलोड, सगळं पटापटा. मग तिनं विचारलं, काका, आपण दुसऱ्या राज्यातले, तर आपल्याला चान्स किती?

आता इथं माणसानं काय म्हणावं? ‘बघून सांगतो’ म्हणावं. दोन शब्द. पण माझ्या मागं एक म्हातारं माझ्या खांद्यावर हात ठेवून ‘माझा इमा, माझा इमा’ करून राहिलं होतं, आन् सतरा वर्षांत ‘मन्मथरावाला सगळं माहीत असतंय’ अशी माझी ख्याती झालेली. मी म्हणलो, दोन टक्के.

कुठून आणले मी दोन टक्के? तोंडातून आले. दीड बी आले असते.

पोरीचं तोंड उतरलं, पण म्हणली, भरू तर. मग म्हणली, आन् बाहेरच्यांना स्कॉलरशिप असते का? तेव्हा नेमका स्क्रीनवर तोच रकाना आलेला. ‘शिष्यवृत्तीसाठी तुमचा विचार करावा का?’ होय, न्हाई. मी ‘होय’ दाबून बघितलं, तर खाली आणखी तीन पानं उघडली. घरचं उत्पन्न, दाखले, वर एक निबंध, पाचशे शब्दांचा. मागून म्हाताऱ्यानं खांदा दाबला. मी म्हणलो, बाहेरच्यांना कुठली स्कॉलरशिप, त्यांच्यातल्यांनाच पुरत न्हाई. आन् ‘न्हाई’वर क्लिक केलं. तीन पानं गडप. शेवटी स्क्रीन तिच्याकडं वळवून म्हणलो, एकदा बघून घे. तिनं नाव बघितलं, जन्मतारीख बघितली, म्हणली, बरोबर हाय. सबमिट.

‘बघून सांगतो’ म्हणायला काय जात होतं माझं?

मार्चात तिनं प्रवेशपरीक्षा दिली. मे महिन्यात यादी लागली, आन् पहिल्याच यादीत पोरीचं नाव. दोन टक्क्यातून! मी सगळ्या गल्लीला सांगितलं, फॉर्म माझ्या हातचा हाय. माझ्याच पैशानं पेढे आणले. तीन दिवस मी असा हिंडलो, जसं काय मलाच एमबीएला घेतलंय.

चौथ्या दिवशी फीचं पत्र आलं. शिवप्पांनी आकडा वाचला आन् ओट्यावर बसले. आय्तु म्हणाले. हे न पटलेलं ‘आय्तु’ होतं.

त्याच दिवशी पोरगी सेंटरवर आली. हातात फॉर्मची प्रिंट. म्हणली, काका, हे बघा, बाहेरच्यांना बी स्कॉलरशिप होती, पुस्तिकेत बाविसाव्या पानावर हाय. पण आपल्या फॉर्मात ‘न्हाई’ पडलंय. मी मनात म्हणलो, आता संपलं, आता ही मला बोलणार. आन् ती काय म्हणली माहिती हाय? म्हणली, तुम्ही मला बघ म्हणला होता, मीच नीट बघितलं न्हाई. माझीच चूक.

तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं हो. मी काय बोललो होतो, कुणी क्लिक केलं होतं, काही न्हाई. त्या गर्दीत तिचं लक्ष जन्मतारखेकडं होतं. आन् मी, सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, बायकोपोरांचा, मी काय म्हणलो?

मी म्हणलो, ‘होतं असं कधी कधी.’

पुढचे आठ दिवस, तुम्हाला सांगतो, देवानं दुश्मनाला दाखवू नयेत. भिंतीला भिंत, सगळं ऐकू येतंय. शिवप्पा कधी आवाज चढवत न्हाईत, पण त्या आठवड्यात चढवला. एक चौकोन बघता आला न्हाई आन् मॅनेजर व्हायला निघाली, असं म्हणाले. मी भिंतीच्या अलीकडं भाकरीचा तुकडा हातात धरून बसलेलो. सिंधुवहिनी, म्हणजे शीलाची आई, सेंटरवर येऊन म्हणल्या, भावजी, तिला तुम्ही समजवा, तुमचं ऐकते, स्वतःला लई दोष देऊन राहिली, जेवत न्हाई. आन् मी गेलो समजवायला! तिच्यापुढं बसून म्हणलो, बाई, चुका माणसाकडूनच होतात. कोणत्या माणसाकडून, ते तेवढं सांगितलं न्हाई.

शेवटी बायकोला सांगितलं. उज्वला भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं धीर देईल. तर म्हणली, ‘मग मला कशाला सांगता? तिला सांगा.’ आन् भाजी निवडायला लागली.

तिला सांगायची हिंमत झाली न्हाई. म्हणून मी काय शोधलं, तर पुण्य. शिवप्पांकडं जाऊन म्हणलो, मी पोरीला घेऊन हैदराबादला जातो, ऑफिसात विनंती करतो, काही मार्ग निघाला तर निघाला. शिवप्पांना ड्युटी सोडता येत नव्हती. त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, मन्मथराव, तुम्ही देवमाणूस. मला वाटलं जमीन फाटावी. आन् आमच्याकडं जमिनीचं असं गमतीत म्हणू न्हाई, भूकंपाचं किल्लारी इथून जवळच हाय. पण वाटलं खरं.

पहाटेची गाडी पकडली, बिदरवरून पुढं. पोरीनं गाडीत वही काढली आन् विनंतीअर्ज लिहायला घेतला. इंग्रजीत. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे ही चूक झाली.’ मला म्हणली, काका, बघा बरं, बरोबर हाय का. मी वाचलं. आन् ऐका, माझ्या निर्लज्जपणाचा हा कळस, त्यात निष्काळजीपणाचं स्पेलिंग चुकलं होतं, ते मी दुरुस्त करून दिलं.

ऑफिस मोठं, थंडगार. ॲडमिशनच्या मॅडम वयस्कर, चष्म्यातल्या, आपल्याकडच्यासारखीच दखनी हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी अर्ज वाचला आन् बाजूला ठेवला. म्हणाल्या, उमेदवारानं स्वतः ‘नको’ लिहिलं असंल तर ते आम्हाला उघडता येत न्हाई, नियम हाय. दुसऱ्या कुणाकडून चूक झाली असंल तर ती गोष्ट येगळी. मग शीलाकडं बघून म्हणाल्या, ‘गलती किसकी है, साफ बोलो. तुमने किया?’

पोरगी म्हणली, ‘हाव.’

‘हो’ एवढंच म्हणली. मान खाली घालून. आन् मला दिसायला लागलं, ही आता अशीच माघारी येणार, आन् हा ‘हाव’ हिच्यासोबत जन्मभर येणार. मी उठून उभा राहिलो. का उठलो माहीत न्हाई, ग्रामसभेत उठतात तसा.

‘तिनं न्हाई,’ म्हणलो. ‘मी.’

मग सगळंच बाहेर पडलं. विमा, म्हातारं, दोन टक्के, तीन पानं. अर्धं हिंदी, अर्धं मराठी. मॅडमनी कोरा कागद पुढं सरकवला. मी लिहून दिलं. मुलीनं विचारलं होतं, मी न वाचता उत्तर दिलं, तिला न विचारता ‘नाही’ निवडलं. खाली सही, सेंटरचं नाव, आन् पिशवीत शिक्का असतोच माझा, तोबी मारला. सतरा वर्षांत एवढा खरा कागद त्या शिक्क्याखाली दुसरा आला नसंल.

मॅडमनी कागद फायलीत लावला. म्हणाल्या, समितीपुढं ठेवते, शब्द देत न्हाई. मग मला विचारलं, ते दोन टक्के तुम्हाला कोणी सांगितले? मी शिक्का पिशवीत ठेवायला लागलो. त्या म्हणाल्या, आमच्याकडं बाहेरच्या राज्यांसाठी वीस जागा हायत. अर्ज आले तेरा. स्कॉलरशिपा सहा हायत, मागितल्या दोघांनी. दर वर्षी असंच होतं. आम्हाला वाटायचं बाहेरच्या पोरांना आमचं कॉलेज आवडत न्हाई. आता कळलं, प्रत्येक गावात कुणी तरी तुमच्यासारखं बसलेलं हाय.

‘बघून सांगतो’ म्हणायला काय जात होतं माझं? सांगा ना, काय जात होतं?

परतीच्या गाडीत पोरगी खिडकीपाशी बसली. बिदर आलं. मी स्टँडवर उतरून तिला चहा आणला, बिस्किटं आणली, पाण्याची बाटली आणली, मोसंबीबी आणली. तिनं चहा तेवढा घेतला. मग बाहेर बघतच म्हणली, ‘काका, आठ दिवस अप्पा मला बोलून राहिले होते. तुम्ही भिंतीपलीकडंच होता ना?’

मी हाव म्हणलो.

रडली असती तर बरं झालं असतं. भांडली असती तर आणखी बरं. तिनं चहाचा कप माझ्याकडं परत दिला आन् डोळे मिटून घेतले.

घरी पोचल्यावर मी आधी शिवप्पांच्या ओट्यावर गेलो, माझ्या घरात न्हाई. दोघा नवरा-बायकोपुढं सगळं सांगितलं. सिंधुवहिनींनी पदर तोंडाला लावला. शिवप्पांनी उठून पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडं वळून म्हणाले, आय्तु. आता हे ‘आय्तु’ कोणतं, ते मला आजपर्यंत कळलं न्हाई. तेव्हापासून ते सेंटरवर चहाला येत न्हाईत. गाडीत भेटले तर तिकीट देतात, सुट्टे देतात, आन् पुढं जातात.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. निम्मी फी माफ. निम्मीच का, तर उशिरा आलेल्या अर्जाला पूर्ण देता येत न्हाई, असा बी एक नियम, तेविसाव्या पानावर. आता मी वाचलीय ना पुस्तिका. उरलेली निम्मी माझ्याच नावावर देणं धरतो मी, माझ्या मनात. शिवप्पांनी डबल ड्युट्या लावून घेतल्या. पोरगी गेली हैदराबादला. जायच्या आधी उज्वलाच्या पाया पडली, माझ्याबी पडली, रीत म्हणून. पोचल्यावर तिचा एक फोन आला. म्हणली, काका, होस्टेलचा फॉर्म मी भरला. मी म्हणलो, मला पाठवायचा ना. ती म्हणली, ‘वाचून भरला.’ एवढंच. हसली बी थोडी, असं मला वाटतंय. नसंल बी हसली.

आता मी बदललोय, तुम्हाला सांगतो. कुणी काही विचारलं की पान उघडतो, वाचतो, मग बोलतो. एका फॉर्मला तासभर लागतो. गिऱ्हाईकं समोरच्या सेंटरला चाललीत. तिथला गडी पटापटा टक्के सांगतो.

बरं, जे येतात त्यांचं ऐका. गावात खरी गोष्ट पोचलीच न्हाई. पोचलं ते असं, की मन्मथरावानं शीलाच्या फॉर्मात मुद्दाम एक चूक सोडली, हैदराबादला जाऊन ती कबूल केली, आन् निम्मी फी माफ करून आणली. काल किल्लारीचे किशनराव आले, पोराला घेऊन. त्याच विद्यापीठाचा फॉर्म. म्हणाले, शीलाच्या वेळेला केली तशीच आमच्याबी फॉर्मात करा. मी त्यांना बसवलं. पाणी दिलं. पहिल्यापासून सगळं सांगितलं, पोरीनं काय सोसलं, मी कसा गप बसलो, शेजार कसा तुटला. अर्धा तास बोललो. किशनरावांनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं. मग पोराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, खुर्ची जवळ ओढली आन् हळूच विचारलं,

‘ते समजलं. पण चुकीचे येगळे किती घेता?’