दुसऱ्या वहीतली खाडाखोड

— नाही नाही, दुर्बिणीचा आरसा चांगला आहे, ते टिपके राहू द्यायचे, पुसायला गेलं की चरे पडतात — आणि जरा हळू बोला, हे आत झोपलेत. दुर्बीण विकायचा हट्ट ह्यांचाच, धूळ खात नको म्हणतात, बघणाऱ्याच्या हातात जाऊ दे. फोनवर सांगितलं नाही मी तुम्हाला — दिसत नाही त्यांना. अजिबात नाही. डावा डोळा लहानपणीच चेंडू लागून गेला, उजवा दोन वर्षांपूर्वी. सगळा संसार त्या एका उजव्यावर होता.

तीस वर्षं आम्ही दोघांनी एकच केलं — ठरलेले तारे बघायचे आणि लिहायचं. दोन वह्या. आधी ह्यांनी बघायचं, मग मी, आणि दोघांचं लिहून होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, नाहीतर दुसऱ्याचं बघणं बिघडतं. नवं काही हाती लागलं? छे. मग पेपरात आलं — वाचलं असेल तुम्ही — शेजारच्या दीर्घिकेतला एक भला मोठा तारा स्फोटबिट काही न होता गुपचूप विझला, बहुधा आतल्या आत कोसळून कृष्णविवर झालं त्याचं. झालं, ह्यांनी ध्यासच घेतला. महिनाभरात एकदा मी वहीत लिहीत होते, तेवढ्यात ह्यांना राहवलं नाही — अगं, आपला तो पुसट तारा गेला, जागा रिकामी आहे. आणि मला तर तारा दिसला होता. 'दिसला' लिहूनही झालं होतं. मी ते खोडलं. का म्हणजे? त्यांचा चेहरा बघितला असतात तर तुम्हीही खोडलं असतंत.

पुसट तारा सरळ बघून दिसत नाही — नजर बाजूला ठेवून डोळ्याच्या कडेने टिपावा लागतो — आणि ह्यांची कडच गेली होती, डोळ्यातला पडदा सुटायला लागला होता. म्हणालेही होते, कडेला काळसर वाटतंय, काचेवर दव असेल. मी 'दिसला' म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो असतो. त्याऐवजी आम्ही वेधशाळेला पत्र लिहीत बसलो, चांगले आठ दिवस, दोघांच्या सह्या करून. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस आधी यायला हवं होतं. मी घालवला त्यांचा डोळा. कुणाला बोलले नव्हते आजवर — ओळख ना पाळख, तुमच्यापुढे काय सांगत बसले मी.

उत्तर आलं ना वेधशाळेचं. तारा जागेवरच आहे म्हणून. पण वाचून दाखवणार कोण? मीच. मी 'अभिनंदन' वाचलं.

म्हणून एक मागणं आहे. दर अमावास्येला हे तुम्हाला फोन करतील — जागा रिकामीच आहे ना, विचारतील. तुम्हाला तारा दिसेल, व्यवस्थित दिसेल. तुम्ही 'रिकामी' म्हणा. एवढंच. त्यांच्यापाशी दुसरं काही उरलेलं नाही.

मान का हलवताय? — हं. शाळेतल्या मुलांना दाखवायला नेताय, आणि त्यांच्यासमोर खोटं — बरोबर आहे. तुमचं बरोबर आहे. ठेवा ती खाली. नाही, नाही विकायची. पैसे खिशात घाला, आणि जिना जपून उतरा, शेवटची पायरी उंच आहे. हे उठले की विचारतील, काय झालं — सांगेन, माणूस लबाड निघाला.