चंद्री चूप कशी बसली

गजेंद्र : नाही म्हन. सीधी गोष्ट हाय. फोन आला का नाही म्हनाचं आनि ठेवून देयाचं.

उज्ज्वला : आधी आत तर ये. आणि ती मेथी दारात नको ठेवू, शेजारच्या रुपाबाईची बकरी मोकळी असते. एवढी कायले आणली रे? मी एकटी बाई. एवढी मेथी खाऊन मीच म्ह्यॅ म्ह्यॅ करीन.

गजेंद्र : मेथी राहू दे वं ताई. मी का म्हनून राह्यलो ते आयक. लहानपनच्या पुस्तकाचा पिच्चर करूच नाही. तत्त्वाची गोष्ट हाय.

उज्ज्वला : तत्त्वाची.

गजेंद्र : हाव. पाय, लेकरू तुह्यं पुस्तक वाचते, तवा ज्याच्या त्याच्या डोयापुढं ज्याची त्याची चंद्री बकरी असते. कोनाची कबरी, कोनाची पांढरी, कोनाची एका शिंगाची. पिच्चरमंदी एकच दाखवतीन. मंग बाकीच्या लेकराइच्या चंद्र्या गेल्या कुठी? कसायाकडं?

उज्ज्वला : हे तुझं नाही.

गजेंद्र : माह्यंच हाय.

उज्ज्वला : गजा, जन्मात तू पुस्तक वाचलं एक. तेही मी लिहिलेलं. तेही अर्धं. हे कोणी शिकवून पाठवलं?

गजेंद्र : शुभांगीनं सांगतलं सकायी. पन पोरीची अक्कल बापाचीच असते ना.

उज्ज्वला : शुभांगीचं खोटं नाही. मलाही तोच घोर आहे. बकरीला काळा चष्मा घालतील, चार पोरींसंग नाचवतील, असं येते मनात. पण तुले हा पुळका कधीपासून आला? मागच्या महिन्यात तर तू कारंजाच्या बाजारात पेढे वाटून राह्यला होता. म्हणे, माह्यावर पिच्चर निंघून राह्यला.

गजेंद्र : तवा मले माहीत नोहतं.

उज्ज्वला : काय माहीत नव्हतं?

गजेंद्र : तेच.

उज्ज्वला : तेच म्हणजे?

गजेंद्र : आता तुले का सांगा लागते? पिच्चरची गोष्ट तूच पाठवली होती ना शुभांगीच्या मोबाइलवर. पुस्तकातल्या गेंडू पोराची पोरगी करून राह्यले ते.

उज्ज्वला : हां. म्हणजे तत्त्व इथं दुखून राह्यलं.

गजेंद्र : हासू नको वं. साऱ्या जिल्ह्याले माहीत हाय, गेंडू म्हंजे मी. चंद्रीले मानोऱ्याच्या बजारात इकाले नेनार होते, तं कोनं तिले आजीचं लुगडं नेसवलं? गेंडूनं. कोनं तिले म्हातारी म्हनून एसटीत खिडकीजोळ बसवलं? गेंडूनं. कोनं तिले कारंजाले मावशीच्या घरी पोचवलं? गेंडूनं. माह्या दुकानावर पाटी हाय, गेंडू भाजी भांडार. आता का लिहू? गेंदाबाई भाजी भांडार?

उज्ज्वला : वाईट नाही दिसणार. बाया जास्त येतील भाजी घ्यायला.

गजेंद्र : कंडक्टर मले जागा करून देते. म्हनते, या गेंडूकाका, संग कोनी म्हातारी तं नाही ना? सव्वीस जानेवारीले शायेत बोलावतेत मले. नारय देतेत.

उज्ज्वला : दरसाल नारळ भेटते?

गजेंद्र : नारय आनि शाल. चार शाली झाल्या. एक तुह्या अंगावर हाय.

उज्ज्वला : बरं, मले एक सांग. पुस्तक बाजूला ठेव. बकरी पळवली कोणं?

गजेंद्र : पुस्तकात का लिहिलं हाय?

उज्ज्वला : पुस्तकात काय लिहिलं ते मले माहीत आहे, मीच लिहिलं. मी विचारून राह्यली, पळवली कोणं?

गजेंद्र : दोघायनं.

उज्ज्वला : दोघायनं?

गजेंद्र : तू होती संग. मी नाही कुठी म्हनलो?

उज्ज्वला : मी होती संग! अरे, मी पाचवीत आणि तू पहिलीच्या आधीच्या वर्गात. पाटीवर एक काढला तर तो आडवा निजायचा तुझा. लुगडं मी नेसवलं. चंद्रीनं पदर खाल्ला तर दुसऱ्या बाजूनं मी परत खोचला. तुझ्या चड्डीचा नाडा मी बांधला. आणि तू गाडी येईपर्यंत रडून राह्यला होता, आईकडं जातो म्हणून.

गजेंद्र : थंडी होती.

उज्ज्वला : वैशाख होता.

गजेंद्र : बरं बाप्पा, वैशाख होता. मंग तूच लिहिलं ना पोरगा म्हनून? म्या सांगतलं होतं का?

उज्ज्वला : नवी नवरी होती मी तेव्हा. सासऱ्याच्या हातात पुस्तक पडलं असतं आणि कळलं असतं, का सूनबाई एसटीतून बकऱ्या पळवते, तर मास्तरकी राहिली असती घरात. म्हणून तुझ्या नावावर केलं. तलाठ्याकडं फेरफार करतात तसा. आता सासराही नाही, नवराही नाही, मी निवृत्त. आता फेरफार परत करून घेते.

गजेंद्र : एवढ्या वर्साचा कब्जा हाय माह्या. कब्जा असला का काढता येत नाही. वकिलाले इचार.

उज्ज्वला : वकिलाले काय सांगू? बकरीवर कब्जा म्हणून?

गजेंद्र : ताई, तुले मजाक सुचून राह्यला.

उज्ज्वला : मग काय रडू? तुझ्यासारखं, वैशाखात, थंडी वाजून?

गजेंद्र : पाटीचं काही नाही वं. रंग देला का दुसरी पाटी. शालीचंही काही नाही. परवा रंजीता जेवाले बसली होती. म्हने, आबा, पिच्चरमंदी तुमी पोरगी काहून हा? म्या म्हनलो, त्याइचं चुकलं बेटा. तं म्हने, मंग ते पोरगी गेंडू असन, तं तुमी कोन हा?

उज्ज्वला : मग?

गजेंद्र : मंग म्या तिले आनखी भाकर वाढली. पोरगी तिसरीत हाय. तिनं वर्गात सांगून ठेवलं हाय, माहे आबा पुस्तकात हायेत. आता मी तिले का सांगू? जलमभर भेंडी तोडली, वांगे तोडले, बजारात बसलो. माह्याजोळ सांगाले दुसरं हाय का काही? एवढी एकच गोष्ट होती. तेही तुही निंघाली.

उज्ज्वला : गजा.

गजेंद्र : माहीत होतं मले. पन माहीत असनं येगयं आनि वापस देनं येगयं.

[फोन वाजतो. उज्ज्वला स्पीकर लावते आणि गजेंद्रला बोटानं चूप बसायची खूण करते.]

सपना : नमस्कार मॅडम, सपना बोलतेय, मुंबईहून. पटकथा वाचलीत ना? आमचे दिग्दर्शक सर आज विचारणार आहेत. तुमचा होकार आला तर पुढं सरकायचं, नाहीतर हा विषय बंद.

उज्ज्वला : वाचली. आधी एक सांग, गेंडूची मुलगी करायचं कोणाच्या डोक्यातून निघालं? तुमच्या सरांच्या?

सपना : माझ्या. खरं सांगू का मॅडम, मी तुमच्याच जिल्ह्यातली, तुमचं पुस्तक रिठदच्या शाळेत वाचलं, पाचवीत. तेव्हापासून मला गेंडू मुलगीच वाटतो. म्हणजे वाटते.

उज्ज्वला : का बरं? मी तर मोठ्या अक्षरात गेंडू लिहिलं. चड्डी घातली त्याला.

सपना : चड्डी घातलीत, पण त्यानं लुगडं किती नीट नेसवलंय. निऱ्या मोजून घातल्यात, काष्टा खोचलाय, पदर एकीकडून खाल्ला तर दुसरीकडून घेतलाय. माझा भाऊ तीस वर्षांचा आहे, त्याला अजून टॉवेल गुंडाळता येत नाही. मी तेव्हाच आईला म्हटलं, हे पोराचं काम नाही.

उज्ज्वला : पोरी, तू मानोऱ्याच्या स्टँडवर असती तर मी पकडली गेली असती.

सपना : म्हणजे?

उज्ज्वला : म्हणजे तुझं बरोबर आहे. पुढं बोल.

सपना : पण मॅडम, एका ठिकाणी गाडं अडलंय. चंद्री एसटीत चूप कशी बसली? मानोरा ते कारंजा, सगळी गाडी भरलेली. पुस्तकात एकच ओळ आहे, ‘चंद्री शहाण्या बाईसारखी चूप बसली.’ वाचताना चालून जातं. पडद्यावर नाही चालत. आम्ही चाचणीसाठी बकरी आणली होती, ती श्वास घ्यावा तशी सारखी ओरडते. सर म्हणतात, तिला गाणं देऊ. नाहीतर जादू दाखवू. मला दोन्ही पटत नाही.

उज्ज्वला : पोरं मलाही शाळेत हेच विचारायची. बाई, बकरी ओरडली काहून नाही? मी सांगायची, तिला खिडकी भेटली होती म्हणून.

सपना : आणि खरं?

उज्ज्वला : खरं म्हणजे चंद्री चूप बसलीच नव्हती. गाडी स्टँडच्या बाहेर निघाली आणि ही जी ओरडू लागली, ती ओरडतच.

गजेंद्र : ताई.

सपना : कोण आहे मॅडम?

उज्ज्वला : कोणी नाही, भाजीवाला आहे. तर कंडक्टर आला. खाकी, जाड मिशी, तिकिटाचा चिमटा वाजवत. म्हणाला, बकरी कोनाची हाय? मी जी एवढी शहाणी, लुगडं नेसवणारी, माझ्या तोंडातून शब्द फुटेना. वाटलं, आता उतरवते, बाबाला कळते, चंद्री जाते बाजारात. माझ्या बाजूला माझा चुलतभाऊ होता, एवढासा. सकाळपासून रडून राह्यलेला, नाक गळून राह्यलेलं. त्यानं नाक पुसलं, कंडक्टरकडं पाहिलं आणि ओरडला. हुबेहूब. बकरीसारखा.

सपना : कंडक्टरसमोर?

उज्ज्वला : तोंडावर. तेव्हा मला वाचा फुटली. मी म्हटलं, बकरी नाही जी, माह्या लहान भाऊ हाय. कंडक्टरनं त्याचा कान पिळला. पुढं गेला, तर इकडं चंद्री ओरडली. लगेच हाही ओरडला. मग तेच चाललं. चंद्री एक, हा एक. साऱ्या गाडीनं शिव्या देल्या त्याले. मागच्या एका बाईनं टपली हाणली. म्हणे, वळण नाही पोराले. पण हा काही थांबला नाही. कारंजा येईपर्यंत ओरडला.

गजेंद्र : दोन टपल्या.

उज्ज्वला : दोन टपल्या. गाडीतून उतरलो तर घसा बसलेला. आवडामावशीनं हळदीचं दूध देलं. पोळ्यापर्यंत बोलणं नाही की काही नाही, नुसता मान हलवायचा. कोणाले सांगितलंही नाही त्यानं.

सपना : मॅडम, हे पुस्तकात का नाही?

उज्ज्वला : दोघं ठेवले असते तर लोकायनं विचारलं असतं, ती पोरगी कोण. म्हणून एकच पोरगा ठेवला. माझं सारं काम त्याले देलं, आणि त्याचं स्वतःचं होतं ते कापून टाकलं. गंमत पाहा, त्यालाही ते विसरायला झालं. त्याले वाटते, गोष्टीत त्याचं काहीच नाही.

सपना : अहो, त्याचंच तर सगळं आहे. तो ओरडला नसता तर बकरी पहिल्याच वळणावर उतरली असती. मॅडम, आमचा सिनेमा इथंच आहे. मला तो मुलगा पाहिजे.

उज्ज्वला : मग माझा होकार आहे. पण ऐक, अट आहे. बकरीले गाणं नाही, चष्मा नाही. पोरीचं नाव उजी ठेव. गेंडू नावाले हात लावायचा नाही. गेंडू म्हणजे जो ओरडला तो.

सपना : चालेल. चालेल काय, धावेल. फक्त असं ओरडणारं पोरगं कुठून आणू? सर विश्वास ठेवणार नाहीत. म्हणतील, माणसाचा आवाज ओळखू येतोच.

उज्ज्वला : थांब एक मिनिट, फोन ठेवू नको. गजा.

गजेंद्र : का?

उज्ज्वला : ऐकव तिले.

गजेंद्र : येडी झाली का वं? माह्या वयाले पाय. नातीन हाय मले. बाहेर रुपाबाई बसली असन दारात.

उज्ज्वला : साऱ्या एसटीले नाही लाजला, रुपाबाईले लाजतो?

गजेंद्र : तवा लहान होतो. आता नाही जमत. घसा का तोच राह्यला हाय?

उज्ज्वला : रंजीताले काय सांगशील मग? तुमी कोन हा, विचारलं ना तिनं?

गजेंद्र : पानी दे आधी.

उज्ज्वला : घे.

गजेंद्र : तू तिकडं पाय. माह्याकडं पाहू नको.

उज्ज्वला : पाहिलं तिकडं.

गजेंद्र : म्ह्यॅऽऽऽ. म्ह्यॅऽऽ ह्यॅ ह्यॅऽऽ.

उज्ज्वला : ऐक. रुपाबाईच्या बकरीनं जवाब देला.

गजेंद्र : ते मेथीजोळ आली असन, ताई. माही मेथी गेली.

उज्ज्वला : जाऊ दे मेथी. सपना, आहे का लाइनवर?

सपना : हाव, हाय मी. आयकलं. बकरी कोनाची हाय?

उज्ज्वला : बकरी नाही जी. माह्या लहान भाऊ हाय.