जाताना खुर्च्या रचून ठेवा

नाही नाही, विकायचं नाहीये असं कुठे म्हणतोय मी—दुकानात आहे म्हणजे विकायलाच आहे, लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू विकणारं चॅरिटी शॉप आहे हे, म्युझियम नव्हे—पण तुम्हाला ते पुस्तक सापडलं कसं? डाएटच्या पुस्तकांमागे लंडनच्या या टोकाला, आमच्या पिनरमध्ये, कोणी हात घालत नाही. तुम्ही तर पातेलं घ्यायला आलात ना? फोनवर आईला सांगत होतात, 'अगं, झाकणासकट मिळालं'—म्हणून तर मी मराठीत सुरू केलं. मी गिरीश. शनिवारी इथे असतो, फुकट. तर पातेलं खुशाल न्या, आणि पुस्तकाचं—आधी ऐका, मग ठरवा. शपथेवर सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे, पाऊस मी घालतो, पाऊस नव्हता त्या दिवशी. आणि माणसं चाळीस होती, मी दीडशे सांगतो. बाकी खरं.

ही मार्लीनबाई—हो, मागे फोटो आहे तीच—ऑस्ट्रेलियातली, ॲबोरिजिनल, म्हणजे गोरे यायच्या कितीतरी आधीपासून जे तिथलेच, त्यांच्यातली. आयुष्यभर नर्स. साठी उलटल्यावर हा पहिला कवितासंग्रह. लंडनला वाचनासाठी आली होती, तर आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या शशिधरने तिला गाठली. शशिधर म्हणजे अध्यक्ष—दुसरं कोणी उभंच राहत नाही म्हणून. हॉल घेतला, शाल आणली, नारळ आणला, आणि 'पाहुण्यांना परिचयाची गरज नाही' म्हणून याने अर्धा तास परिचय करून दिला, त्यात निम्मे कांगारू. बाई उठून म्हणाली, माझ्या पुस्तकात कांगारू नाही हो, मावशीचा फ्रिज आहे. आणि खरंच आहे, पान—उघडू नका, मी सांगतो ना—फ्रिजच्या दारावर कोणाचा फोटो लागला, कोणाचा काढावा लागला, एवढंच.

तर शाल पांघरून, नारळ बगलेत मारून बाई माइकपाशी आली आणि म्हणाली, आमच्याकडे दुसऱ्यांच्या भूमीवर जाऊन एकदम बोलायला लागत नाहीत. आधी तिथल्या लोकांना, तिथल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार करायचा. तर ही भूमी कोणाची? झालं. शशिधर म्हणतो, कौन्सिलची. सतीश म्हणतो, छे, चर्चची, तरी लीज बघावं लागेल—इस्टेट एजंट आहे तो. बाई म्हणाली, तसं नव्हे, तुमच्यातलं इथलं कोण? आता इथलं कोण असणार? एक साताऱ्याचा, एक नागपूरचा, दोघं डोंबिवलीचे—जो तो तीस वर्षं 'आमच्याकडे असं, आमच्याकडे तसं' करतो, त्यात पिनर कधी नसतंच. बरं, निदान वडीलधारे तरी उठा म्हटलं, तर एक बाई जागची हलेना. सुप्रभाने, माझ्या बायकोने, सरळ शेजारणीकडे बोट दाखवलं. ती शेजारीण अजून बोलत नाही आमच्याशी.

एवढ्यात दार उघडलं आणि डेनिस आत आला. डेनिस म्हणजे हॉलचा केअरटेकर, ऐंशीचा, जन्म इथलाच, कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. त्याला वाटलं, यांची वेळ संपली तरी उठत नाहीयेत. बाईने विचारलं, तुम्ही इथले का? हो म्हणाला. मग मी इथे माझ्या कविता वाचू का? तर हा म्हणतो, "वाचा की. नऊपर्यंत जागा तुमचीच. जाताना खुर्च्या रचून ठेवा." बाई इतकी हसली, इतकी हसली की नारळ सुटला आणि गडगडत थेट पहिल्या रांगेत. म्हणाली, एवढं चोख स्वागत माझं कुठेच झालं नाही. मग वाचलं तिने—आणि वाचून झाल्यावर खरंच खुर्च्या रचल्या आमच्याबरोबर, शालीसकट. मंडळात अजून मला हे सांगायला लावतात. गोष्टीत डेनिस आत आला की हशा पिकतो—

पहिलंच पान उघडलंत ना? सांगितलं होतं, उघडू नका म्हणून. हो, तिचंच अक्षर. काय लिहिलंय ते येतं मला वाचता. 'कस्तुरीला. खुर्च्या रचल्या.' नाही, डेनिसचं लाडाचं नाव नाही ते. हसा, हसा. कस्तुरी माझी मुलगी.

अहो, डेनिस आहे, किल्ल्यासुद्धा आहेत, फक्त त्या दिवशी तो ब्राइटनला होता बहिणीकडे. उठली ती कस्तुरी. मागच्या रांगेतून. मंडळात कधी न येणारी, सुप्रभाने ओढून आणलेली. म्हणाली, मी इथली, वरच्या रस्त्यावरच्या हॉस्पिटलात जन्मले—आणि पुढे तेच. नऊपर्यंत, खुर्च्या, सगळं. वाक्य खरं, तोंड तेवढं मी बदललं. लहानपणापासून मी तिला सांगत आलो, आपण साताऱ्याचे. ती मान हलवायची. होकाराची की कशाची, ते मी कधी बघितलं नाही. आणि त्या दिवशी इतकं सहज म्हणाली, घरी आलेल्या पाहुण्याला बसा म्हणावं तसं. तिला घालून सांगून पाहिलं मी एकदा—लोक हसतात, पण माझ्याच्याने पुढे सांगवत नाही. डेनिस बरा पडतो.

इथे कसं आलं म्हणजे? तिकडे उत्तरेत, लीड्सला घर घेतलंय तिने. खोली रिकामी केली, पिशव्या भरल्या, मीच गाडीतून इथे आणल्या, आणि त्यांत हे. आता चुकून आलं की तिनेच टाकलं, काय माहीत. विचारायचं? आणि 'हो बाबा, मीच टाकलं' म्हणाली तर? म्हणून मीच ठेवलं डाएटमागे; तिथे असलं की कसं, काहीच ठरत नाही.

काय? मीच फोन करून विचारू? तू झाकणासाठीसुद्धा आईला—'तू'च म्हणतो आता, तिच्याच वयाची दिसतेस—झाकणासाठीसुद्धा आईला फोन करतेस, हो, ऐकला मी. बरं. बरं, दे ते पुस्तक इकडे. पातेलं घे, झाकण आतच आहे. आता नीघ, आणि दारावरची पाटी 'बंद'वर फिरवून जा. मला लीड्सला फोन लावायचाय, आणि तिथे काही डेनिस चालायचा नाही.