शुक्रवार पाळणारा माणूस

लतिका : पण बाबा, स्कॉटलंडच्या दोन्ही नोकऱ्या नर्सच्याच आहेत. मग तुम्हाला स्टॉर्नोवेच का हवं?

आत्माराम : शहर आहे. हॉस्पिटल आहे, विमानतळ आहे. आजारी पडलीस तर कोणी बघणारं असेल.

लतिका : आठ-नऊ हजार लोकांचं शहर. इथे शारजात, रोल्लाच्या आपल्या चार गल्ल्यांत त्याहून जास्त माणसं निघतील.

आत्माराम : तरी शहरच. हामाराबेत काय आहे? अकरा घरं, एक चर्च आणि मेंढ्या.

लतिका : ती अकरा घरं माझ्याकडून पाठ कुणी करून घेतली? झोपवताना तुम्ही दुसरी गोष्टच सांगायचा नाहीत. हॅरिस बेट, त्याचा पूर्व किनारा, नुसता खडक, आणि त्या खडकात एकामागून एक खाड्या.

आत्माराम : खाडी म्हणायचो, पण नदी नाही कुठे. समुद्रच आत घुसलेला. एका वळणावर पाणी दिसायचं, दुसऱ्या वळणावर परत पाणी. प्रत्येक पाण्याला वेगळं नाव, त्यांच्या गेलिक भाषेत. आपल्या वेंगुर्ल्याला जशी प्रत्येक खडपाला नावं आहेत तशी.

लतिका : बघा, आत्तासुद्धा चेहरा बदलला तुमचा. आणि मी अप्लाय केलं तेव्हापासून मात्र तोंड पाडून बसलाय. उद्या दुपारपर्यंत मला रिप्लाय द्यायचाय. आई बाजारातून यायच्या आत खरं काय ते सांगा. मला जाऊच द्यायचं नाहीये ना?

आत्माराम : जा ना. मी कुठे अडवलंय? स्टॉर्नोवेला जा.

लतिका : ओके. मग मी तुम्हाला एक सांगते. व्हिडिओ इंटरव्ह्यूमध्ये हामाराबेच्या एक बाई होत्या, गावच्या ट्रस्टच्या. नर्सला राहायला घर तो ट्रस्ट देतो. आपलं आडनाव वाचून त्या म्हणाल्या, आमच्याकडे याच नावाचे एक इंजिनिअर राहिले होते, शारजाहून आलेले.

आत्माराम : कोण बाई?

लतिका : मेरी-ॲन. पंचेचाळिशीच्या असतील.

आत्माराम : किर्स्टीबाईंची मुलगी. शाळेत जायची तेव्हा. दहा दिवस झाले इंटरव्ह्यूला, आणि हे तू मला आज सांगतेस?

लतिका : तुम्ही त्या विषयावर बोलू देत होतात का? पुढचं ऐका. त्यांनी मला विचारलं, तुला शुक्रवार मोकळा लागेल का? ड्यूटी तशी लावून देता येईल.

आत्माराम : मग? तू काय म्हणालीस?

लतिका : मला आधी कळेच ना. बाबा, पाणी हवंय का? बसा ना.

आत्माराम : काय म्हणालीस ते सांग.

लतिका : तुम्ही आधी सांगा. शुक्रवारचं काय आहे?

आत्माराम : चौऱ्याण्णव साल. इथल्या आमच्या बोटींच्या यार्डात बनवलेली फायबरची होडी हामाराबेच्या लोकांनी घेतली होती. समुद्रात पिंजरे टाकून साल्मन मासा वाढवतात, त्याला खाद्य टाकायला. इंजिन बसवायला आणि शिकवायला मला पाठवलं. अकरा आठवडे. राहायला किर्स्टीबाईंकडे.

लतिका : हे माहीत आहे. त्यांचा नवरा पूर्वी बोटीवर होता, मुंबई बघितलेला, तुम्हाला बघून 'जल्दी जल्दी' म्हणायचा.

आत्माराम : सोमवारी पोचलो. चार दिवस काम केलं. शुक्रवार आला. इथे तेव्हा आमची सुट्टी शुक्रवारची. मी कॅलेंडर बघितलंच नाही. शुक्रवार म्हणजे खलास, सुट्टी. दहापर्यंत झोपलो. किर्स्टीबाईंनी दाराशी ट्रे ठेवला आणि पाय न वाजवता गेल्या. मला वाटलं, चांगली माणसं आहेत.

लतिका : आणि रविवारी?

आत्माराम : रविवार म्हणजे मला आठवड्याचा दुसरा दिवस. कुणाला उठवायचं नाही म्हणून पहाटेच धक्क्यावर गेलो. इंजिनची ट्रायल. नवीन इंजिन सहा तास चालवून बघायचं असतं. आजूबाजूला माणूस नाही. म्हटलं, बरं झालं, मध्ये मध्ये कोणी नाही.

लतिका : आणि ते लोक रविवारी...

आत्माराम : रविवारी ते दोरीवर कपडे वाळत घालत नाहीत. मुलांचे झोपाळे बांधून ठेवतात. आणि ती खाडी अशी की एका काठावर कोणी खोकला तर दुसऱ्या काठावर ऐकू जातं. चर्च समोरच्या काठावर. सहा तास, लतिका. त्यांची सकाळची प्रार्थना अख्खी माझ्या इंजिनात गेली.

लतिका : कोणी येऊन थांबवलं नाही?

आत्माराम : एक माणूस आला नाही. संध्याकाळी जेवायला बसलो, ताटात सगळं गार. रविवारी नवीन काही शिजवत नाहीत, आदल्या दिवशीचं. तेव्हासुद्धा मला कळलं नाही. मी वर विचारलं, आज गॅस संपला का?

लतिका : बाबा.

आत्माराम : हसू नकोस.

लतिका : सॉरी. मग कळलं कधी?

आत्माराम : पुढच्या गुरुवारी. किर्स्टीबाईंचा भाऊ कॅलम माझ्याबरोबर पिंजऱ्यांवर असायचा. त्याने सांगितलं. चर्चचे जुने लोक किर्स्टीबाईंकडे गेले होते, या माणसाला घरातून काढ म्हणून. बाई म्हणाल्या, त्याचा दिवस शुक्रवार आहे. तो आपला दिवस कसा पाळतो ते मी बघितलंय. दार लावून बसतो, कामाला हात लावत नाही. आपला दिवस त्याला माहीत नव्हता, एवढंच. ते लोक परत गेले.

लतिका : आणि तुम्ही तर झोपला होतात.

आत्माराम : घोरत होतो. आता सांग, मी काय करायचं होतं? जाऊन म्हणू, की बाई, शुक्रवार आमचा कसला नाही, कंपनीची सुट्टी आहे? मग त्या खोट्या पडल्या असत्या, सगळ्या गावात.

लतिका : म्हणजे तुम्ही...

आत्माराम : दहा शुक्रवार पाळले. दार लावून. कपडे धुतले नाहीत, रेडिओ लावला नाही. आणि ते लोक माझ्यासाठी पाळायचे. कॅलम त्या दिवशी मला हाक मारत नसे. शेजारी शेडमध्ये माग होता, ट्वीडचं लोकरी कापड विणायचे. शुक्रवारी तो माग दुपारपर्यंत बंद. माझ्यासाठी. मी आत बसून तो आवाज नसलेला ऐकायचो.

लतिका : बाबा, एक मिनिट. आपल्या घरी शुक्रवारी वॉशिंग मशीन लावू द्यायचा नाहीत, ते यामुळे? आई किती चिडायची. म्हणायची, एकच सुट्टी मिळते आणि त्यात यांचं हे.

आत्माराम : सवय लागली होती. आणि काय सांगणार होतो तुझ्या आईला?

लतिका : तीस वर्षं?

आत्माराम : निघताना सांगायचं ठरवलं होतं. किर्स्टीबाई टारबर्टच्या धक्क्यापर्यंत सोडायला आल्या. फेरी दिसत होती. म्हणाल्या, तुझ्यामुळे आमच्या घरात आठवड्याला दोन शांत दिवस आले. त्यावर काय बोलणार? पत्रंही टाकली नाहीत नंतर. म्हणून म्हणतो, दुसरीकडे जा. तू तिथे शुक्रवारी कपडे वाळत घालशील, आणि ते म्हणतील, बापाचं मग काय होतं?

लतिका : ते झालंय, बाबा.

आत्माराम : काय?

लतिका : मी मेरी-ॲनना तेच सांगितलं. आमच्यात शुक्रवार असं काही नाही, तेव्हा इथे वीकली ऑफ शुक्रवारी असायचा, म्हटलं. मला काय माहीत?

आत्माराम : मग?

लतिका : म्हणाल्या, शुक्रवारी टीव्हीवर माझा एक कार्यक्रम असायचा, आईने दहा आठवडे लावू दिला नाही.

आत्माराम : चिडल्या?

लतिका : इतक्या हसल्या की बाजूच्या साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. आणि मग त्यांनी फोन फिरवून खिडकीतून खाडी दाखवली. नर्सला देतात ते घर तेच आहे, बाबा. किर्स्टीबाईंचं. ट्रस्टला दिलंय.

आत्माराम : आणि बाई?

लतिका : जाऊन चार वर्षं झाली. शेवटपर्यंत घरीच होत्या.

(खाली रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवतं.)

आत्माराम : खिडकीतून डाव्या बाजूला सपाट खडक दिसला का? सील येऊन बसतात त्यावर.

लतिका : स्क्रीनशॉट आहे. बघा.

आत्माराम : हो. हाच. चष्मा पुसून दे जरा. चर्च रंगवलेलं दिसतंय.

लतिका : स्टॉर्नोवे लिहू की हामाराबे?

आत्माराम : मेरी-ॲनला माझ्याकडून दोन ओळी घालता येतील का? त्या रविवारबद्दल. तिच्या आईला सांगायला हवं होतं, तिला तरी सांगतो.

लतिका : सांगा, टाइप करते. लगेच पाठवून टाकू, म्हणजे मी अल ऐनला, हॉस्पिटलला निघायला मोकळी.

आत्माराम : आज नको.

लतिका : का? मेल तर आहे. उघडायचा तेव्हा उघडतील.

आत्माराम : आज रविवार आहे त्यांचा. उद्या त्यांचे नऊ वाजू देत.

लतिका : म्हणजे आपला दुपारचा एक. एक वाजता मी वॉर्डमध्ये असेन, विसरेन.

आत्माराम : मी तुला आठवणीला फोन करतो.