वहिनींच्या सफरचंदाला पाणी घालू नका

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. माझं नाव दोनदा पुकारलं तरी मी उठलो नाही, त्याबद्दल माफ करा. सगळ्यांचं बोलून झालं, सतरंज्या गुंडाळायची वेळ आली, आणि मी आत्ता उभा राहतोय. मी परब. नेगी वहिनींच्या शेजारच्या दारातला. शाळा सातवीपर्यंत. चार माणसांत बोलायची सवय नाही. पण आज गप्प बसलो तर उद्या सकाळी बोलून उपयोग नाही.

वहिनी हिमाचलच्या. बर्फ पडतो तिकडच्या. सफरचंदाच्या बागेत वाढलेल्या. लग्न होऊन चारकोपला आल्या, आणि नेगीसाहेब गेल्यावरही इथेच राहिल्या. उन्हाळ्यात ओला पंचा डोक्यावर टाकून बसायच्या. पण कधी म्हणाल्या नाहीत की मी परत जाते. त्याऐवजी एकदा माहेरून सफरचंदाचं रोप घेऊन आल्या. पंपरूमच्या मागे लावलं. आपण सगळे हसलो. हसलो की नाही?

आज त्या झाडावर एक पान नाही. वहिनी गेल्या मंगळवारी गेल्या, आणि झाड असं उघडं. आपले सेक्रेटरी सावंतसाहेब मघाशी म्हणाले, झाडानेसुद्धा वहिनींबरोबर प्राण सोडला. उद्या सकाळी माणूस येईल, ते काढेल, आणि तिथे वहिनींच्या नावाचं बाकडं बसवू. किती जणींनी डोळ्यांना पदर लावला. सावंतसाहेब, तुमच्या मनात चांगलंच आहे. पण ते झाड मेलेलं नाही. म्हणजे, मला वाटतं मेलेलं नाही. त्याची पानं वहिनींनी काढली. स्वतःच्या हातांनी.

दरवर्षी काढायच्या. तुम्ही सकाळी कामावर जाता, पंपरूमच्या मागे कोण फिरकतं, तुम्हाला दिसलं नाही. मी रिकामा माणूस, मला दिसायचं. पहिल्या वर्षी मी धावत गेलो. म्हटलं, “वहिनी, वाट लागली ना झाडाची. हिरवीगार पानं ओरबाडताय.”

म्हणाल्या, “गप्प बसा, भाऊ. पानं गेली की त्याला वाटतं थंडी पडली. मग ते झोपतं. झोपलं तरच पुढे फुलतं.”

“म्हणजे झाडाला फसवता?”

“फसवते. मग काय करू? तुमच्या चारकोपला बर्फ पाडू?”

मी कोकणातला माणूस. आंबा, फणस, माड, याच झाडांत वाढलो. यातलं एकही झाड आम्ही असं उघडं पाहिलेलं नाही. आमच्याकडे सगळी पानं गेली म्हणजे झाड गेलं. त्यामुळे त्या वर्षी मला झोप नाही. रोज विचारायचो, “वहिनी, फुटलं का?” त्या म्हणायच्या, “तुमच्या बायकोने तुम्हाला सहन कसं केलं?” मग एके दिवशी टोकाला बारीक हिरवे ठिपके दिसले. मी त्यांचं दार वाजवलं. त्या पीठ मळत होत्या. तशाच पिठाच्या हातांनी बाहेर आल्या, बघितलं, आणि तिथेच खाली बसल्या.

फळं धरली ती गेल्या वर्षी. चिकूएवढी. तुम्हा सगळ्यांना एकेक फोड मिळाली, आठवतं ना? मला विचारलं, “कसं लागतं, भाऊ?” म्हटलं, “खोटं कशाला बोलू, आंबट.” म्हणाल्या, “आंबटच पाहिजे. गोड तर बाजारात पण मिळतं.”

आता माझी काळजी सांगतो. परवापासून बायका झाडाला तांब्या तांब्या पाणी घालतायत. प्रेमाने घालतायत. पण झोपलेल्या झाडाला वहिनी पाण्याचा थेंब देत नसत. तिथे चिखल झालाय. मुळं कुजली असतील का? मी काल माती उकरून चर काढला, तर वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, “परबकाका, वेड लागलं का?” लागलं असेल. कुणीतरी हारही घातलाय. तो मी काढला. जित्याजागत्या जीवाला गेलेल्या माणसासारखा हार घालतात का?

वहिनींची एक रीत होती. फांदीची साल नखाने जराशी खरवडायची. खाली हिरवं दिसलं की झाड जिवंत. तपकिरी दिसलं की संपलं. मग परबकाका, तुम्ही खरवडून का बघितलं नाही, असं विचाराल. कालपासून तीनदा जवळ गेलो. हात पुढे होईना.

त्यांची मुलगी मीना इथे समोर बसली आहे. मीना, तू लहानपणी मामाच्या बागेत हे केलेलं आहेस. आता आपण सगळे वहिनींसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू. मग तू मागे जा आणि नख लाव. हिरवं नसेल तर, सावंतसाहेब, बाकडं बसवा, मी एक शब्द बोलणार नाही. मी काही येत नाही तिथे. मी इथेच बसतो. पण मीना, जे असेल ते मला लगेच कळव. घोळक्यात बोलत उभी राहू नकोस, बाळा. तिथूनच हाक मार.