कागद कशाला?

दातांच्या दवाखान्यात बसलेल्या शिक्षिकाबाईंचा गाल एवढा सुजला होता की हसायचीसुद्धा सोय नव्हती. आणि शेजारी येऊन बसले ते मनातलं ओळखणारे जादूगार आणि त्यांची बायको.

"काल एकाने भर प्रयोगात विचारलं, मनातलं कळतं तर कागदावर लिहून कशाला घेता? उद्या कुणी पुन्हा विचारलं तर काय सांगू?" जादूगारांनी बायकोला विचारलं.

"लिहिल्याने विचार पक्का होतो म्हणा."

"म्हणजे माझ्याच्याने कच्चा ओळखवत नाही?"

"मग म्हणा, मला कळतं हो, पण तुम्ही नंतर शब्द फिरवाल."

"हे झकास."

"पण मग तो कागद तुमच्या खिशात का जातो?"

"तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?"

तेवढ्यात मदतनीस बाईंनी जादूगारांपुढे फॉर्म धरला. "कुठला दात दुखतो ते लिहा."

"लिहायचं कशाला? तोंड उघडलं की डॉक्टरांना कळेलच."

"त्यांना कळतं हो," बायको म्हणाली, "पण तुम्ही नंतर शब्द फिरवाल."

जादूगारांनी लिहिलं आणि सवयीने कागदाची घडी घातली.

शिक्षिकाबाईंनी दोन्ही हातांनी गाल धरला. "आई गं..."

"बिचाऱ्या. फार दुखतंय यांना," जादूगारांनी ओळखलं.